शॅम्पेन चाखायची कशी : गारवा, ग्लास आणि थोडा धीर

चांगली शॅम्पेन बिघडते ती बहुतेक वेळा ओठांना लागण्याआधीच. बाटली बर्फासारखी गार, ग्लासला साबणाचा वास, बूच छतापर्यंत उडवलेलं. मग हाती उरते नुसती आंबट, फसफसणारी वाईन. चाखण्याइतकीच तयारीही महत्त्वाची, ती यासाठी.

नॉन-व्हिंटेज, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळून केलेली शॅम्पेन 8 ते 10 अंश सेल्सियसला प्यावी. व्हिंटेज (एकाच वर्षाच्या द्राक्षांची) किंवा बरीच मुरलेली 10 ते 12 अंशांना. त्यासाठी बाटली चारेक तास फ्रीजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ घालून अर्धा तास पुरतो. नुसत्या बर्फाने काम होत नाही, कारण खड्यांमधल्या पोकळीत हवा राहते. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. फ्रीझर नकोच. 4-5 अंशांना वास दबतात आणि जिभेला फक्त आंबटपणा कळतो. फार कोमट झाली तर फेस उसळतो आणि अल्कोहोल नाकात चढतो.

बाटलीत 5 ते 6 बार दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. वेष्टन काढलं की बुचावरच्या तारेच्या जाळीची कडी साधारण सहा अर्धे फेरे उलटी फिरवायची. जाळी सैल झाल्या क्षणापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. जाळी काढलीच पाहिजे असंही नाही. बाटली 45 अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून दूर. आता एका हाताने बूच घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाकडून फिरवा. बूच फिरवत बसलात तर ते मोडू शकतं. दाब बुचाला आपसूक वर ढकलतो, तुम्ही फक्त त्याला आवरत राहायचं. शेवटी बारीकसं ‘फुस्स’ व्हायला हवं. मोठा आवाज म्हणजे वायू फुकट गेला, आणि बहुधा थोडी वाईनही.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा घ्या: पोट रुंद, तोंड जरा आवळलेलं. उंच, अरुंद फ्लूटमध्ये बुडबुडे देखणे दिसतात, पण नाकाला जागा उरत नाही. पसरट कूपमधून वास आणि वायू दोन्ही झपाट्याने उडून जातात. ग्लास गरम पाण्याने धुवा. साबण लावलाच तर खूप खळबळून काढा, कारण त्याचा अंश फेस मारतो. बुडबुडे काचेतून नव्हे, तर काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंपासून उगवतात, हे रॅन्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं. हे तंतू पुसायच्या फडक्याचे किंवा हवेतल्या धुळीचे असतात. बुडबुडे कमी दिसले म्हणून लगेच वाईनला नावं ठेवू नका.

ग्लास तिरका धरून हळू ओता. निम्म्याहून कमी भरा. ओतल्या ओतल्या नाक खुपसू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो झोंबतो आणि वास कळू देत नाही. अर्धा मिनिट थांबून एकदाच अलगद घुसळा. फक्त शार्दोने द्राक्षांचीच असेल, म्हणजे ब्लाँ द ब्लाँ, तर लिंबाची साल, पांढरी फुलं आणि मुरल्यावर भाजलेले बदाम. पिनो न्वार द्राक्षांमुळे अंग भरदार होतं, म्यूनिए द्राक्षांमुळे मऊ फळांचा वास येतो. ताज्या पावाचा आणि लोण्याचा वास यीस्टच्या गाळावर मुरल्याचा. नॉन-व्हिंटेजसाठी बाटलीत किमान 15 महिने, त्यांतले 12 गाळावर, आणि व्हिंटेजसाठी 3 वर्षं असा नियम आहे. शॅम्पेन बनवणारी बरीच घराणी त्याहून कितीतरी जास्त थांबतात.

लहान घोट घ्या आणि पाच-सहा सेकंद जिभेवर फिरवा. फेस सायीसारखा लागतो की सुईसारखा टोचतो? बुडबुड्यांच्या आकारापेक्षा मी तरी याला जास्त किंमत देईन. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मनात मोजा.

गोडीचा अंदाज लेबलवरून येतो. प्रतिलिटर साखर ब्रुत नेचरमध्ये 3 ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रुतमध्ये 6 पर्यंत, ब्रुतमध्ये 12 पेक्षा कमी. एक्स्ट्रा ड्राय मात्र फसवं नाव: त्यात 12 ते 17 ग्रॅम असते, म्हणजे ती ब्रुतहून गोड. दमी-सेकमध्ये 32 ते 50.

ग्लासातली निम्मी शॅम्पेन तशीच ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाखा. उत्तम शॅम्पेन गारवा उतरताना खुलत जाते. सुमार असेल ती तेवढ्यात बेचव होते.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. शिजलेल्या कोबीसारखा आला तर बाटलीला उजेड लागलाय. पारदर्शक काचेत हा धोका अधिक, म्हणून क्रिस्ताल या नावाच्या शॅम्पेनच्या बाटलीला पिवळसर सेलोफेन गुंडाळलेलं असतं. डागाळलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागलेली वाईन.

उरली तर शॅम्पेनसाठीचं पकडीचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीही बरी लागते. बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा उभा करून काहीही होत नाही.