एका धर्मपंथाचे संशोधन मासिक अभ्यासताना : ब्रेस्लाउच्या 'मोनाट्सश्रिफ्ट'विषयी नव्या अभ्यासकांसाठी

एकोणिसाव्या शतकातील ज्यू धर्मसुधारणेचा अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी सुरुवात कोठून करावी असे विचारतात, तेव्हा मी त्यांना एखादा ग्रंथ न सुचवता एक मासिक निवडायला सांगतो. ग्रंथात लेखकाचा अंतिम निष्कर्ष तेवढा हाती लागतो. मासिकात मात्र तो निष्कर्ष घडत असताना झालेले वाद, घेतलेली माघार, पैशांची ओढाताण आणि संपादकांची उठबस हे सारे क्रमाने दिसते. माझ्या स्वतःच्या अभ्यासाचा बराच काळ ज्या मासिकात गेला ते १८५१ मध्ये झकारियास फ्रांकेल यांनी काढलेले 'मोनाट्सश्रिफ्ट फ्यूर गेशिष्टे उंड विसेनशाफ्ट डेस यूडेन्टुम्स', म्हणजे ज्यू धर्माचा इतिहास व शास्त्र यांना वाहिलेले मासिक. मराठी वाचकाला ज्यू म्हटले की कोकणातील बेने इस्रायल समाज आठवतो आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ही कथा जर्मनीतील आहे आणि तिचे प्रश्नही तेथील आहेत, एवढे प्रारंभीच लक्षात ठेवावे.

हे मासिक का निघाले हे समजण्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे त्या काळी जर्मन विद्यापीठांत ज्यू विद्येचे अध्यासन नव्हते आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यू विद्वानाला प्राध्यापकपद मिळणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे जे काम अन्यत्र विद्यापीठे करतात ते येथे नियतकालिकांना आणि पुढे धर्मगुरूंच्या विद्यालयांना करावे लागले. दुसरी गोष्ट फ्रांकेल यांच्या भूमिकेची. ते १८३६ पासून ड्रेस्डेनचे मुख्य धर्मगुरू होते. १८४५ मध्ये फ्रांकफुर्ट येथे सुधारणावादी धर्मगुरूंची परिषद भरली असता प्रार्थनेसाठी हिब्रू भाषा मुळात आवश्यक नाही असा बहुमताचा कौल झाला, तेव्हा ते परिषद सोडून निघून गेले. तरीही ते जुन्या वळणाच्या सनातनी गोटात गेले नाहीत. धर्माचे आचार इतिहासात घडत आले आहेत हे त्यांना मान्य होते, पण जे आचार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आपले मानले ते केवळ विद्वानांच्या ठरावाने मोडता येत नाहीत असे त्यांचे मत होते. या मताला पुढे 'सकारात्मक-ऐतिहासिक' पंथ असे नाव पडले आणि अमेरिकेतील कन्झर्व्हेटिव्ह ज्यू चळवळ आपले मूळ याच परंपरेत शोधते. फ्रांकेल यांनी याआधी १८४४ ते १८४६ या काळात दुसरे एक नियतकालिक चालवले होते. इतिहासकार हाइनरिश ग्रेट्स यांचा ज्यू इतिहासाच्या रचनेवरील गाजलेला निबंध १८४६ मध्ये त्यातच आला.

१८५४ मध्ये ब्रेस्लाउ येथे, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सवाफ शहरात, योनास फ्रेंकेल या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून ज्यू धर्मशास्त्राचे विद्यालय उघडले. त्याचे प्रमुखपद फ्रांकेल यांच्याकडे आले आणि मासिक व विद्यालय यांची सांगड बसली. त्याच शहरात धर्मगुरू असलेले, सुधारणावाद्यांचे अग्रणी आब्राहाम गायगर यांना या पदाची आशा होती, पण ती पूर्ण झाली नाही. या एका नेमणुकीमुळे मासिकाचा कल पुढील कित्येक दशकांसाठी निश्चित झाला, असे माझे मत आहे. विद्यालयात ग्रेट्स इतिहास शिकवत, अभिजात भाषांचे पंडित याकोब बेर्नाइस तेथे होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी पुढे मासिकात लिहू लागले.

प्रत्यक्ष अभ्यासाला बसताना पहिले काम अगदी रुक्ष वाटेल, पण ते टाळू नये. प्रत्येक खंडाचे मुखपृष्ठ पाहून वर्ष, खंडक्रमांक, संपादक आणि प्रकाशनाचे गाव यांचा तक्ता करावा. हा तक्ता किती बोलका असतो ते पाहा. १८५१ ते १९३९ ही वर्षे मोजली तर ८९ भरतात, पण शेवटच्या खंडावर ८३ हा आकडा आहे. मधली सहा वर्षे कोठे गेली? पहिला खंड १८५१ आणि १८५२ मिळून एकच आहे, त्यात एक वर्ष गेले. १८८७ च्या ३६ व्या खंडानंतर मासिक बंद पडले, त्यामुळे १८८८ ते १८९१ ही चार वर्षे पूर्णपणे रिकामी गेली, आणि ३७ वा खंड १८९२-९३ असा जोडून निघाला. येथून 'नवी मालिका' असा दुसरा क्रमांकही सुरू झाला, म्हणून ८३ वा खंड हाच नव्या मालिकेचा ४७ वा खंड ठरतो. जुन्या ग्रंथांतील तळटिपांत कधी एक क्रमांक येतो, कधी दुसरा. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर पुढची बरीच शोधाशोध वाचते. संपादकांची ओळही याच तक्त्यातून स्पष्ट होते : १८६८ पर्यंत फ्रांकेल, १८६९ ते १८८७ ग्रेट्स, पुनरुज्जीवनानंतर मार्कुस ब्रान आणि डाव्हिड काउफमान, १८९९ मध्ये काउफमान वारल्यावर एकटे ब्रान, १९२० पासून इझाक हाइनेमान, आणि अखेरच्या खंडासाठी लेओ बेक.

यानंतर एक वाद निवडून तो मुळापासून वाचावा. मी नवोदितांना १८६१ चा वाद सुचवतो. १८५९ मध्ये फ्रांकेल यांनी मिश्नाच्या रचनेवर 'दारखेई हा-मिश्ना' हा हिब्रू ग्रंथ प्रसिद्ध केला. मिश्ना म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली मौखिक धर्मनियमांची संहिता. सनातनी मतानुसार या नियमांचा उगम सिनाई पर्वतावर मोशेला मिळालेल्या ईश्वरी आदेशात आहे. काही नियमांना परंपरेत 'सिनाईवर मोशेला दिलेला नियम' असे स्पष्टपणे म्हटले जाते. फ्रांकेल यांनी एका मध्ययुगीन भाष्यकाराचा हवाला देऊन असे सुचवले की हे शब्द कधी कधी इतकेच सांगतात की नियम सिनाईवरून आल्याइतका निर्विवाद आहे. फ्रांकफुर्टचे सनातनी धर्मगुरू सामसन राफाएल हिर्श यांच्या 'येशुरून' या मासिकातून त्यावर कडाडून हल्ला झाला आणि मौखिक नियम ईश्वरदत्त आहेत असे तुम्ही मानता की नाही याचे सरळ उत्तर मागण्यात आले. फ्रांकेल यांनी 'मोनाट्सश्रिफ्ट'च्या १० व्या खंडात दिलेले निवेदन जेमतेम दोन पानांचे आहे. परंपरेचे मोल कमी करण्याचा आपला हेतू नाही असे ते सांगतात, पण हिर्श यांना हवे असलेले होय किंवा नाही त्यात सापडत नाही.

ही दोन पाने मी नव्या अभ्यासकांना सावकाश वाचायला लावतो, कारण संपूर्ण पंथाची अडचण आणि ताकद दोन्ही तेथे दिसतात. अनेकांनी या मौनाला भित्रेपणा म्हटले आहे. मला ते पटत नाही. ज्याला संशोधन चालू ठेवायचे आहे आणि समाजही तुटू द्यायचा नाही, त्याला श्रद्धेच्या कबुलीजबाबाची सक्ती नाकारावीच लागते. याच संयमाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तालमुद (मिश्नावरील चर्चांचा मोठा संग्रह) व मिश्ना यांना ऐतिहासिक चिकित्सा लावणाऱ्या या वर्तुळाने तोराच्या, म्हणजे परंपरेने मोशेच्या मानलेल्या, पाच ग्रंथांच्या उगमाची चिकित्सा मात्र फ्रांकेल यांच्या काळात दूर ठेवली. म्हणून मासिकात काय छापून आले याबरोबर काय येत नव्हते याचीही टिपणे काढावीत, आणि त्यासाठी गायगर यांनी १८६२ पासून चालवलेले नियतकालिक शेजारी ठेवावे. तेथे हे प्रश्न उघडपणे हाताळलेले दिसतात.

१८९२ नंतरचा काळ बहुतेक विद्यार्थी घाईने ओलांडतात, ही मला खटकणारी गोष्ट आहे. ग्रेट्स १८९१ मध्ये निवर्तले होते. ब्रान हे ब्रेस्लाउच्या विद्यालयात त्यांच्या जागी आले होते, तर काउफमान बुडापेस्टच्या विद्यालयात प्राध्यापक होते. १९०२ मध्ये ज्यू विद्येच्या संवर्धनासाठी बर्लिनमध्ये एक संस्था स्थापन झाली आणि थोड्याच काळात मासिक तिचे मुखपत्र बनले. एका पंथाचे मासिक अशा रीतीने अनेक मतांच्या विद्वानांचे सामाईक व्यासपीठ झाले. या बदलाची चाहूल त्याआधीच लागते. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ आडोल्फ हार्नाक यांनी बर्लिन विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या सारतत्त्वावर दिलेली व्याख्याने तेव्हा सर्वत्र गाजत होती, आणि त्यांवर तरुण लेओ बेक यांनी केलेले परखड परीक्षण १९०१ च्या ४५ व्या खंडात आले. बेक काही काळ ब्रेस्लाउला शिकले होते, पण पुढे ते बर्लिनच्या उदारमतवादी विद्यालयात गेले आणि त्याच गटाचे धर्मगुरू म्हणून ओळखले गेले. तरीही त्यांच्या लेखाला येथे जागा मिळाली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंविरुद्ध झालेल्या हिंसाचारानंतर ब्रेस्लाउचे विद्यालय बंद पडले आणि हाइनेमान पुढे पॅलेस्टाइनला गेले. अशा स्थितीत बेक यांनी ८३ वा खंड सिद्ध केला. १९३९ चा हा खंड नाझी पोलिसांनी जप्त करून नष्ट केला. मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या आणि त्यांवरून १९६३ मध्ये ट्युबिंगन येथे तो पुन्हा छापण्यात आला. बेक यांना १९४३ मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत नेण्यात आले; ते तेथून जिवंत परतले. हा खंड वाचताना विद्यार्थ्यांनी त्यातील लेखांचे विषय पाहावेत, असा माझा आग्रह असतो. आजूबाजूला सर्व काही उद्ध्वस्त होत असताना या माणसांनी संशोधनाची शिस्त सोडली नाही, आणि त्याबद्दल मला वाटणारा आदर मी लपवू इच्छित नाही.

साधनांविषयी थोडे सांगतो. जर्मन भाषा वाचण्यापुरती तरी यायला हवी. पुण्या-मुंबईत ती शिकण्याची चांगली सोय आहे. जुन्या जर्मन छपाईतील फ्राक्टुर अक्षरांची सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्यानंतर ती अडत नाहीत. हिब्रूची लिपी आणि धर्मग्रंथांच्या नावांचे संक्षेप यांची ओळख मात्र आधीच करून घ्यावी, कारण जर्मन वाक्याच्या मध्येच हिब्रू अवतरण येते आणि लेखक त्याचा अनुवाद देईलच असे नाही. मासिकाचे खंड फ्रांकफुर्टच्या गोएटे विद्यापीठ ग्रंथालयाच्या 'कॉम्पॅक्ट मेमरी' या संग्रहात मोफत वाचता येतात, त्यामुळे परदेशी जाण्याचा खर्च प्रारंभी तरी करावा लागत नाही. शब्द टाकून शोध घेण्याची सोय मोहात पाडते, पण पहिल्या वर्षी तिचा वापर कमी ठेवावा आणि एखादा खंड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा. परीक्षणे, मृत्युलेख आणि शेवटच्या पानांवरील छोट्या टिपा यांतून कोण कोणाला मानत होते आणि कोणाचे नाव टाळले जात होते हे जितके कळते, तितके मोठ्या निबंधांतून कळत नाही.

प्रबंधासाठी विषय निवडताना फ्रांकेल किंवा ग्रेट्स यांच्यावर पुन्हा एकदा लिहिण्यापेक्षा १८९२ ते १९१४ या काळातील ग्रंथपरीक्षणे घ्यावीत. ती पुष्कळ आहेत आणि लहान आहेत. त्यांची वर्षवार नोंद करताना परीक्षक कोण, ग्रंथ कोणत्या गटातील लेखकाचा आणि भाषा किती कडक हे तीन रकाने ठेवले, तर पंथाचे मुखपत्र ते सामाईक व्यासपीठ हा बदल नेमका केव्हा आणि कोणाच्या लेखणीतून झाला, हे तपासून पाहण्याजोगी सामग्री हाती येते.