बाहेरच्या दिव्यांचा लोड काढताना आधी टेप काढा

बाहेरच्या दिव्यांचा लोड काढायचा म्हटलं की बरेच जण खोक्यावरचे वॅट वाचून बेरीज करतात. मी आधी मोजायची टेप घेऊन आवारात एक फेरी मारतो. घरात बोर्डापासून दिवा दहा-बारा मीटरवर असतो, बाहेर तीच वायर शंभर मीटरही जाते.

वॅट लागतातच. समजा, 50 वॅटचे 6 फ्लडलाइट आहेत, म्हणजे 300 वॅट. त्याला 230 व्होल्टने भागायचं आणि पॉवर फॅक्टरनेही, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खरोखर कामी येतो त्या प्रमाणाने. ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर, 0.9 छापलं असेल तर 1.45 अँपिअर. आता भिंतीवरचे 9 वॅटचे 20 दिवे घ्या. बेरीज जेमतेम 180 वॅट. पण बारक्या एलईडी फिटिंगचा पॉवर फॅक्टर बरेचदा 0.5 च्या आसपास असतो, त्यामुळे करंट होतो 1.57 अँपिअर, फ्लडलाइटपेक्षा जास्त! जुने सोडियमचे दिवे असतील तर त्यांचा चोकही वीज खातो, तोही धरा.

दोन्ही मिळून 3 अँपिअर. दिवे तासन्‌तास चालू राहणार, म्हणून सव्वापट करायचे: 3.8. म्हणजे 6 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप उडणारा स्विच) पुरला. तरीही टायमरने दिवे लागताच तो उडू शकतो, कारण सगळ्या ड्रायव्हरमधले कपॅसिटर एकदम भरतात आणि क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. बी टाइप एमसीबी त्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या 3 ते 5 पटीला तडक उडतो, सी टाइप 5 ते 10 पटीला. अशा सर्किटला मी सी टाइप लावतो, अर्थिंग तपासूनच. आणि बाहेरच्या लायनीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच, त्यावर घासाघीस नाही.

आता टेप का, ते सांगतो. एका तळ्याभोवती मी 12 व्होल्टचे, 6 वॅटचे 8 दिवे लावले. 48 वॅट, 4 अँपिअर. दीड एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर असलेली) वायर एवढा करंट सहज वाहते, म्हणून निर्धास्त होतो. रात्री बघतो तर दिवे मरगळलेले. मला वाटलं माल खराब, दोन फिटिंग बदलल्या. काही फरक नाही. शेवटी मीटर लावला, तर दिव्यापाशी 9 व्होल्टच्या जरा वर.

हिशेब तिथेच उभ्या उभ्या केला. दीड एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला 12.1 ओहम. 230 चे 12 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर 30 मीटरवर, करंट जाऊन परत येतो म्हणून 60 मीटर. 60 गुणिले 4 गुणिले 12.1, भागिले 1000: 2.9 व्होल्ट वाटेतच गळाले. 230 व्होल्टवर हेच 48 वॅट नेले असते तर गळती व्होल्टच्या पाव भागाहूनही कमी.

जाड वायर हा एक उपाय. चार एमएमला किलोमीटरला 4.61 ओहम, तरी 1.1 व्होल्ट जातोच. मी पाण्यापासून सुरक्षित अंतर राखून ट्रान्सफॉर्मर 6 मीटरवर आणला, पाणी न शिरणाऱ्या पेटीत. वायर तीच दीड एमएमची ठेवली. तूट 0.6 व्होल्टवर आली आणि आधी काढून ठेवलेल्या दोन्ही फिटिंग झक्क पेटल्या.