दत्तक व्यक्तीने आपल्या जन्माची माहिती कशी मागावी

दत्तक गेलेल्या माणसाला मोठेपणी आपले मूळ जाणून घ्यावेसे वाटले की सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या कचेरीतून होते. कुणी नगरपालिकेतून जन्मदाखला काढतो, कुणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, कुणी सरळ गाडी काढून गाव गाठतो. दत्तकानंतर निघालेल्या जन्मदाखल्यावर दत्तक आईवडिलांचीच नावे असतात. माहितीच्या अधिकारातला अर्ज खासगी माहिती म्हणून फेटाळला जाऊ शकतो. गाव गाठण्याबद्दल पुढे लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते.

आधी घरातले कागद काढा आणि दत्तक कोणत्या कायद्याने झाले ते पाहा. भावाचा किंवा बहिणीचा मुलगा घेतला असेल, तर बहुधा १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचे दत्तकपत्र सापडेल. त्यात देणारे आणि घेणारे दोघांचीही नावे लिहिलेली असतात. मूळ प्रत हरवली असेल आणि दत्तकपत्र नोंदवलेले असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मागा. बाळ दत्तक देणाऱ्या संस्थेतून आणले असेल, तर कागद बाल न्याय कायद्याचे असतील आणि सोबत न्यायालयाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. मुस्लिम, ख्रिस्ती किंवा परदेशी कुटुंबात गेलेल्यांच्या जुन्या कागदांत दत्तकाऐवजी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचे पालकत्व दिसेल. त्याने घाबरू नका, तेव्हा तीच वाट होती.

इथून पुढचे सगळे संस्थेतून घेतलेल्या बाळांबद्दल आहे.

फाइल कुठे असेल, हे मराठवाड्यात जरा डोके लावून शोधावे लागते. जालना जिल्हा १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली आणि हिंगोली १९९९ साली. त्याआधीचा कागद औरंगाबाद, उस्मानाबाद किंवा परभणीच्या दप्तरात असू शकतो. कागदावर औरंगाबाद आणि उस्मानाबाद हीच नावे असतील. आता अर्ज करताना छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव लिहा, पण जुने नावही सोबत ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे फाइल आईच्या गावी नसते, बाळ जिथल्या संस्थेत दाखल झाले तिथे असते. बीडकडची बाई ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलेली असताना बाळंत झाली असेल, तर बीडमध्ये कितीही शोधा, हाती काही लागायचे नाही. संस्था बंद पडली असेल तर त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात विचारा; तो महिला व बाल विकास खात्याच्या अखत्यारीत असतो.

अर्ज साधा असावा. वकिली भाषेची गरज नाही. असा लिहिला तरी चालतो:

‘मी, (नाव), वय २९. आपल्या संस्थेतून मला (वर्ष) साली दत्तक देण्यात आले. दत्तक आदेशाची व ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. मी संस्थेत कोठून व कोणत्या परिस्थितीत दाखल झालो आणि माझ्या दत्तकाची प्रक्रिया कशी झाली, याची माहिती मिळावी. माझी त्या वेळची वैद्यकीय नोंद असल्यास तीही मिळावी.’

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. डॉक्टर घराण्यातले आजार विचारतात तेव्हा जन्मवेळचे वजन, तपासण्या, लसी एवढे कळले तरी उपयोग होतो. अर्जाची पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असे समजा.

वय १८ पूर्ण नसेल तर दत्तक आईवडिलांसोबत मिळून अर्ज करावा लागतो. १८ नंतर एकट्याने करता येतो. मात्र तो स्वतःच करायचा. नवरा, मित्र, पत्रकार किंवा पैसे घेऊन आई शोधून देतो म्हणणारा माणूस, अशा तिऱ्हाइताला हा शोध घेण्याची परवानगी नियमात नाही. परदेशात गेलेल्यांनी तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेमार्फत किंवा भारतीय वकिलातीमार्फत यावे. संस्था दाद देत नसेल तर नकार लेखी मागा आणि पुण्याच्या राज्य दत्तक संसाधन संस्थेकडे, म्हणजे ‘सारा’कडे जा, त्यावर दिल्लीची ‘कारा’, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, आहे. या सगळ्यांनी अर्जदाराला मदत करायची आहे, असे दत्तक नियमावलीच सांगते.

हाती काय येईल, हे बाळ संस्थेत कसे आले त्यावर ठरते. बसस्थानकावर किंवा दवाखान्याच्या आवारात सापडलेल्या बाळाच्या फाइलमध्ये आईचे नाव बहुधा नसतेच. पोलिसांची नोंद, पालक सापडत नाहीत असा अहवाल, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे कात्रण आणि बाल कल्याण समितीचा आदेश एवढे मिळू शकते. पण त्यात जागा आणि तारीख असते, आणि अनेकांना तेवढेही पुरते.

आईने स्वतः समितीपुढे येऊन बाळ सोपवले असेल तर सरेंडर डीड, म्हणजे बाळ सोपवल्याचा लेखी कागद, असतो. त्यानंतर तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या वेळी तिने ‘माझे नाव कळू देऊ नका’ असे सांगितले असेल, तर तिची लेखी संमती घेतल्याशिवाय नाव देता येत नाही. विचारायला संस्था किंवा समितीच जाते, तुम्ही नाही. तिने नाही म्हटले किंवा ती सापडली नाही, तरी बाळ कोणत्या परिस्थितीत आणि का सोपवले, हे तुम्हाला सांगावे लागते. थोडक्यात, तुमचा हक्क तुमच्या फाइलवर आहे, आईच्या पत्त्यावर नाही. मला हा नियम योग्य वाटतो. जन्मदात्या आईच्या खासगीपणावर अर्जदाराच्या हक्काने घाला येऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून गावात जाऊन विचारपूस करू नका. फाइलमध्ये गावाचे नाव दिसले की पाय तिकडे ओढ घेतात, हे खरे. पण आपल्याकडे पारावर कुणी नवखा माणूस ‘अमुक सालात इथली कोण बाई’ असे विचारू लागला, तर चहा येईपर्यंत गल्लीत बातमी पसरते. ती बाई लग्न होऊन नांदत असेल, सासरी कुणाला काही ठाऊक नसेल. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘आईला शोधतोय’ लिहिणेही त्याच जातीचे. आणखी एक भीती असते, जमिनीची. भेटायला आलेला सातबाऱ्यावर नाव लावायला आला, असेच भावकीला आधी वाटते. दत्तक झाल्यावर जन्मघराशी कायद्याचे नाते तुटते. दत्तकाआधीच तुमच्या मालकीची झालेली मिळकत तेवढी तुमची राहते. हे माहीत असेल तर पहिल्या भेटीतच सांगून टाका.

उलट बाजूने, आईला मूल कुठे दिले ते कळत नाही. दत्तक कुटुंबाची माहिती गोपनीय असते आणि दत्तक आदेश सार्वजनिक करता येत नाही. पण आपले नाव सांगायला आता हरकत नाही असे तिला वाटत असेल, तर तसे पत्र संस्थेत देऊन ठेवावे. मुलानेही आपला चालू पत्ता आणि फोन फाइलला लावायला सांगावे, आणि घर बदलले की संस्थेला कळवावे.