छोट्या जेटने इकॉनॉमीत जाताय? या चुका टाळा

तिकिटावर विमानाच्या जागी ई175, सीआरजे किंवा ईआरजे असं काही छापलेलं असेल, तर मोठ्या विमानाच्या सवयी बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडत नाहीत. ही साधारण 50 ते 100 आसनांची जेट विमानं. मोठ्या विमानतळावरून लहान शहरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यावर ती जास्त दिसतात. सगळे चटकन चढतात, चटकन उतरतात आणि मधल्या सीटवर दोघांच्यात चेपून बसायची वेळ कुणावरही येत नाही. तरीही उतरणाऱ्यांपैकी बरेच जण वैतागलेले असतात. बॅग दारातच काढून घेतली, औषधं तीत राहिली, खिडकी मागितली तर बाहेर इंजिन निघालं, कान संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत, अशा त्या तक्रारी. यातल्या बहुतेक गोष्टी विमानात पाय ठेवण्याआधीच टाळता येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

विमान कोणतं ते न बघता सीट घेणं

वेळ आणि भाडं सगळेच बघतात. विमानाचा प्रकार त्याच पानावर बारीक अक्षरांत असतो, तो मात्र नजरेतून सुटतो. मोठ्या विमानांत त्याने फारसा फरक पडत नाही. इथे खूप पडतो.

एम्ब्रेअर या विमान कंपनीच्या ईआरजे-145मध्ये 50 आसनं असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे दोन. डावीकडच्या ए सीटला शेजारीच नसतो, त्यामुळे खिडकीही तुमची आणि पॅसेजही तुमचा. एकट्याने जाणाऱ्याला याहून चांगली जागा इकॉनॉमीत मिळणं अवघड. उजवीकडे बी म्हणजे पॅसेज आणि सी म्हणजे खिडकी. मोठ्या विमानात सी पॅसेजची असते, या सवयीने पाय मोकळे ठेवायला कुणी सी घेतली, तर तो नेमका भिंतीला टेकून बसतो. ई175मध्ये दोन्हीकडे दोन-दोन आसनं असतात आणि बऱ्याच कंपन्या त्यांना ए, सी, डी, एफ अशी अक्षरं देतात. तिथे सी पुन्हा पॅसेजची. तेव्हा अक्षरावर जाऊ नका, आसनांचा नकाशा उघडून बघा.

सीआरजे-200 हे चॅलेंजर या खासगी जेटवरून घडवलेलं विमान. त्याच्या खिडक्या इतक्या खाली आहेत की ताठ बसलेल्या माणसाला बाहेर बघायला मान वाकवावी लागते. खिडकीतून बघण्यासाठीच तुम्ही जादा पैसे भरणार असाल, तर या विमानात भरू नका. शिवाय सीआरजे आणि ईआरजे दोन्हींची इंजिनं शेपटीजवळ असतात. शेवटच्या ओळींत आवाज जास्त, खिडकीबाहेर इंजिन, आणि 50 आसनी विमानात एकुलतं एक टॉयलेटही तिथेच. पोटात ढवळण्याचा त्रास असेल तर पंखाच्या आसपासची ओळ घ्या, हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात.

ई170, ई175, ई190 ही ई-जेट मालिका मात्र बसायला खरोखर चांगली. आसनाची रुंदी सुमारे 46 सेंटिमीटर, म्हणजे बोइंग 737च्या इकॉनॉमी सीटपेक्षा थोडी जास्तच. छतही साधारण 2 मीटर उंच, त्यामुळे उंच माणसालासुद्धा मान मोडून चालावं लागत नाही. एकाच मार्गावर, मिळत्याजुळत्या वेळेला ई-जेट आणि 50 आसनी विमान असे दोन पर्याय असतील, तर मी डोळे मिटून ई-जेट निवडतो.

इमर्जन्सी एक्झिटच्या ओळीत पाय पसरायला जागा मिळते, म्हणून ती शोधणारे पुष्कळ. ई170 आणि ई175 यांना पंखावरचा दरवाजाच नाही, दोन दरवाजे पुढे आणि दोन मागे. उलट सीआरजे-200 आणि ईआरजे-145 यांना मागे दरवाजा नाही, बाहेर पडायचं ते पुढून किंवा पंखावरून. ही गोष्ट पायांच्या जागेपुरती नाही. बसल्यावर सगळ्यांत जवळचा दरवाजा किती ओळी दूर आहे ते मोजून ठेवा आणि सूचना सांगत असतील तेव्हा मान वर करून ऐका, कारण मागच्या विमानातली माहिती इथे चुकीची ठरू शकते.

आणि हो, कंपन्या आयत्या वेळी विमान बदलतात. विमान बदललं की सीटही गुपचूप बदलते. चेक-इन सुरू झालं की नकाशा पुन्हा एकदा बघाच.

केबिन बॅग आपल्याबरोबर आत येणारच, असं धरून चालणं

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक हीच.

मोठ्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग 50 आसनी जेटच्या डोक्यावरच्या कप्प्यात जात नाही. भरलेली असो वा अर्धी रिकामी, कप्प्याची खोलीच कमी असते. ईआरजे-145मध्ये तर कप्पे फक्त दोन आसनांच्या बाजूला असतात. ए सीटवाल्यालाही सामान पॅसेजपलीकडेच ठेवावं लागतं. म्हणून कर्मचारी गेटवर किंवा विमानाच्या दाराशी बॅगेला टॅग लावतात आणि ती विमानाच्या पोटात जाते. बॅग कंपनीच्या मापात बसते, हा वाद तिथे घालून उपयोग नाही, कारण ते माप मोठ्या विमानासाठी ठरलेलं असतं.

बॅग खाली जाण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तिच्यात काय राहिलं त्याने. मागे रांग खोळंबलेली, कर्मचारी हात पुढे करून उभा, आणि त्या अर्ध्या मिनिटात माणूस बॅग उघडून काय काय बाहेर काढायचं ते आठवत बसतो. चार्जर निघतो, इन्सुलिन राहून जातं.

यावर उपाय घरीच करायचा. बॅग भरताना एक लहान, मऊ पिशवी वेगळी भरा आणि ती चाकांच्या बॅगेत सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे चेन उघडली की एका हाताने उचलता येईल. तिच्यात दोन दिवसांची औषधं, कागदपत्रं, घराच्या किल्ल्या, चष्मा, पैसे, लॅपटॉप किंवा टॅबलेट आणि पॉवर बँक. ही पिशवी पुढच्या सीटखाली मावली पाहिजे. खिडकीकडे विमानाची भिंत आत वळते, त्यामुळे पायाशी जागा आणखी कमी होते. पहिल्या ओळीत समोर सीटच नसल्याने पायाशी काहीच ठेवता येत नाही, तेही लक्षात असू द्या.

पॉवर बँकेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे प्रश्न सोयीचा नाही, सगळ्यांच्या जिवाचा आहे. सुटी लिथियम बॅटरी, पॉवर बँक आणि ई-सिगारेट विमानाच्या पोटात ठेवायला बंदी आहे. बॅटरी बिघडून तापायला लागली तर केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. खाली सामानात ते कुणाला दिसत नाही, आणि तिथली आग विझवण्याची यंत्रणा लिथियमच्या आगीला पुरेशी पडेलच असं नाही. काउंटरवर बॅग देताना हे विचारतात म्हणून लक्षात राहतं. गेटवर मात्र घाईत विसरायला होतं. टॅग लावणाऱ्याने विचारलं नाही तरी तुम्ही आठवणीने काढा.

पॉवर बँकेची मर्यादा 100 वॉट-तास (Wh). त्यावर फक्त एमएएच (mAh) लिहिलं असेल तर तो आकडा 3.7 ने गुणा आणि 1000 ने भागा. 20,000 एमएएच म्हणजे 74 वॉट-तास, चालतं. 27,000च्या आसपास मर्यादा येते. 100 ते 160च्या मधल्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते.

टॅग घेतला, पण वाचला नाही

गेटवर लागणारे टॅग दोन प्रकारचे असतात. एकात बॅग उतरल्यावर विमानाच्या दाराशीच परत मिळते. दुसऱ्यात ती थेट शेवटच्या मुक्कामाला, सामानाच्या पट्ट्यावर येते. दोन्ही टॅग घाईत सारखेच दिसतात. पहिला समजून माणूस एअरोब्रिजमध्ये वाट बघत राहतो आणि बॅग पट्ट्यावर एकटी फिरत असते. किंवा उलट, बॅग दाराशी ठेवलेली असते आणि मालक बाहेर पट्ट्यापाशी. टॅग लावतानाच विचारा, "बॅग दाराशी मिळणार की बेल्टवर?" हातातल्या तुकड्याचा फोटो काढून ठेवा. आणि बॅग मऊ असेल तर तिचा बाहेर आलेला पट्टा आत खोचा, तो अडकून तुटतो.

वाटेल तिथे जाऊन बसणं

अर्धं विमान रिकामं आहे आणि मागे अख्खी ओळ मोकळी दिसते. दार बंद झालं की उठून तिकडे जाण्याचा मोह होतो. छोट्या विमानात हे विचारल्याशिवाय करू नये. कोण कुठे बसलंय यावरून विमानाचा तोल काढलेला असतो, आणि 50 आसनी विमानात पाच-सहा माणसं पुढची मागे गेली तरी त्या हिशोबात फरक पडतो. कधी कधी कर्मचारी स्वतःच येऊन "तुम्ही दोघं मागे बसाल का?" असं विचारतात. त्यामागे हेच कारण असतं, तेव्हा मनात किंतु न ठेवता उठा. टेकऑफनंतर, त्यांना विचारून, परत येता येतं.

उतरताना झोपून जाणं

कान दुखतात ते बहुतेक वेळा विमान खाली येताना. वर असताना केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. खाली येताना दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यामागे ती हवा पोचायला हवी. घशापासून कानापर्यंत जाणारी नळी हवा बाहेर सहज सोडते, पण आत घ्यायला गिळण्याची, जांभईची मदत लागते. झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो. छोट्या जेटचे टप्पे लहान असल्याने विमान वर पोचून स्थिर झालं न झालं तोच उतरायला लागतं. मोठ्या प्रवासाच्या सवयीने डोळा लागला असेल, तर कान बंद झाल्यावरच जाग येते.

वैमानिकाने उतरण्याची सूचना केली किंवा इंजिनाचा आवाज एकदम मंदावला, की जागे व्हा. गोळी चघळा, घोट घोट पाणी प्या. तेवढ्याने भागलं नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच हवा नाकाकडे ढकला. जोर लावू नका, आणि कान पूर्ण बंद होण्याची वाट न बघता दर मिनिटाला करा. तान्ह्या बाळाला याच वेळी दूध पाजा, त्याची भूक थोडी राखून ठेवा.

सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. नाक मोकळं करणारा स्प्रे उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी मारलेला बरा. लहान टप्प्यावर याचा अर्थ बहुधा बोर्डिंगच्या वेळीच. रक्तदाब असणाऱ्यांनी असा स्प्रे किंवा गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. उतरल्यावर एक-दोन दिवसांतही कान उघडले नाहीत, किंवा कानातून पाणी-रक्त आलं, तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

जिन्याची तयारी नसणं

ही विमानं पुष्कळदा लांबच्या जागी उभी करतात. बसने जायचं, मग उघड्यावरून चालत, मग अरुंद जिना. सीआरजेचा दरवाजाच उघडून जिना होतो. गुडघे दुखत असतील, बरोबर वयस्कर माणूस असेल किंवा व्हीलचेअर लागणार असेल, तर निदान 48 तास आधी कंपनीला कळवा आणि "जिना चढता येणार नाही" हे शब्द स्पष्ट वापरा. नुसतं व्हीलचेअर हवी म्हटलं तर खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबू शकते. तिथून वर न्यायला लिफ्टची गाडी किंवा उतार लागतो आणि तो आयत्या वेळी मिळेलच असं नाही. आत शिरताना डोकं सांभाळा. ईआरजेच्या आत, पॅसेजमध्येसुद्धा, उंची जेमतेम 1.82 मीटर आहे.

बाकी किरकोळ. समोर स्क्रीन नसतो, चार्जिंगची सोय असेलच असं नाही, तेव्हा फोन भरून आणा आणि बघायचं ते आधीच डाउनलोड करून ठेवा. चढण्याआधी टॉयलेटला जाऊन या.

पुढच्या विमानासाठी जेमतेम वेळ ठेवणं

बोर्डिंग पासवरची पोचण्याची वेळ म्हणजे तुम्ही गेटवर पोचण्याची वेळ नव्हे. छोट्या जेटमधून उतरल्यावर दाराशी बॅगेची वाट बघायची, मग बस भरेपर्यंत थांबायचं, मग टर्मिनल. पुढच्या विमानाचा दरवाजा सुटण्याच्या 10-15 मिनिटं आधीच बंद होतो. वेळ थोडा असेल तर हाताशी ठेवलेल्या पिशवीवरच भागवा आणि मोठी बॅग सुरुवातीलाच काउंटरवर देऊन तिला शेवटच्या मुक्कामापर्यंतचा टॅग लावून घ्या. दाराशी थांबणं तरी वाचतं.

कडक उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल आणि इंजिनाला जोर कमी मिळतो. अशा वेळी छोट्या विमानाला कधी कधी वजन कमी करावं लागतं आणि काही बॅगा मागे ठेवून ते सुटतं. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लेखी घ्या. गेटवर टॅग लावलेली बॅगसुद्धा कंपनीच्या ताब्यात दिलेलं सामानच असते, "ती तुमच्या हातातली होती" असं म्हणून कुणी टाळू लागलं तर टॅगचा फोटो दाखवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999चा मॉन्ट्रियल करार लागू असेल, तर बॅग फुटल्याची तक्रार ती मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा आल्याची 21 दिवसांत लेखी करावी लागते. मधल्या काळात कपडे, साबण असं जे घ्यावं लागलं, त्याच्या पावत्या जपून ठेवा.