सीएमवायके फाइलचे रंग नेमके कुठे बिघडतात: इमेजमॅजिकने दुरुस्ती

छापखान्यातून आलेली सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा या चार शायांच्या आकड्यांतली, लग्नपत्रिकेची जेपीजी फाइल वेबसाठी किंवा व्हॉट्सअॅपसाठी बदलली, की केशरी लालभडक होतो, आकाशी निऑनच्या पाटीसारखा पेटतो आणि हिरवा डोळ्यांत खुपतो. मग ब्राइटनेस, सॅच्युरेशन वरखाली करून रंग ओढूनताणून आणायचा प्रयत्न सुरू होतो. तो करू नये. फाइलमधले आकडे बहुतेक वेळा शाबूत असतात. हरवलेली असते ती प्रोफाइल, म्हणजे त्या आकड्यांचा प्रत्यक्ष रंग कोणता हे सांगणारी माहिती. ती कुठल्या पायरीवर हरवली ते शोधायचं.

इमेजमॅजिक हा टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून चित्रं बदलणारा प्रोग्रॅम आहे. त्याच्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात. इमेजमॅजिक 7 मध्ये मुख्य कमांड ‘मॅजिक’ आहे, 6 मध्ये ‘कन्व्हर्ट’. विंडोजवर नुसतं ‘कन्व्हर्ट’ टाइप करू नका. त्या नावाची विंडोजची स्वतःची कमांड आहे आणि ती डिस्कची फाइल सिस्टिम फॅटवरून एनटीएफएसवर नेते. चित्राशी तिचा काही संबंध नाही.

आधी फाइलला विचारा:

मॅजिक आयडेंटिफाय -व्हर्बोज पत्रिका.जेपीजी

उत्तर लांबलचक येतं, पण त्यातल्या चारच गोष्टी पाहायच्या: कलरस्पेस, डेप्थ, ओरिएंटेशन आणि प्रोफाइल्सखाली ‘आयसीसी’ (रंगाची प्रोफाइल) आहे की नाही. सोबत ‘मॅजिक -व्हर्जन’ चालवून डेलिगेट्सच्या, म्हणजे जोडलेल्या लायब्ररींच्या, ओळीत ‘एलसीएमएस’ आहे का तेही बघा. ही लायब्ररी नसेल तर प्रोफाइलवर आधारलेलं रूपांतर होतच नाही, आणि बाकी सगळे उपाय करत बसण्यात अर्थ नाही.

कलरस्पेस ‘सीएमवायके’ निघाला, तर एसआरजीबीत, म्हणजे पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, नेताना नेहमीची चूक ही असते:

मॅजिक पत्रिका.जेपीजी -कलरस्पेस एसआरजीबी वेब.जेपीजी

ही कमांड कसलीही तक्रार न करता चालते, म्हणूनच फसवते. ती प्रोफाइलकडे पाहत नाही, शाईचे आकडे फक्त वजाबाकीने उलटवते. शंभर टक्के सायन म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे 0, 255, 255 असं तिचं साधं गणित. पण कागदावरची सायन शाई इतकी चमकदार नसतेच. फोग्रा 39 या युरोपीय छपाईच्या प्रोफाइलने हिशेब केला तर तीच शाई साधारण 0, 159, 227 येते. 60 टक्के मॅजेंटा आणि 100 टक्के यलोचा केशरी साध्या गणिताने 255, 102, 0 होतो, प्रोफाइलने साधारण 239, 125, 0. पत्रिकेवरचा केशरी दुसऱ्या आकड्यांच्या जवळचा असतो.

फाइलमध्ये प्रोफाइल असेल तर योग्य कमांड अशी:

मॅजिक पत्रिका.जेपीजी -इंटेंट रिलेटिव्ह -ब्लॅक-पॉइंट-कॉम्पेन्सेशन -प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी वेब.जेपीजी

इंटेंट (रूपांतराची पद्धत) आणि ब्लॅक पॉइंट (काळ्याचा मेळ) हे दोन्ही पर्याय ‘-प्रोफाइल’च्या आधीच हवेत. नंतर लिहिले तर रूपांतर आधीच उरकलेलं असतं. ब्लॅक पॉइंटचा पर्याय विसरला तर काळा रंग धुरकट, राखाडी दिसतो, कारण कागदावरचा काळा पडद्यावरच्या काळ्याइतका गडद नसतो.

प्रोफाइल नसेल तर ‘-प्रोफाइल’ दोनदा लिहावं लागतं. या पर्यायाचं वागणं परिस्थितीनुसार बदलतं, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. चित्रात प्रोफाइल नसेल तर पहिली प्रोफाइल फक्त चिकटवली जाते, आकडे हलत नाहीत. चित्रात प्रोफाइल असेल तर तिच्यावरून नव्या प्रोफाइलवर रूपांतर होतं. म्हणून:

मॅजिक पत्रिका.जेपीजी -प्रोफाइल फोग्रा39.आयसीसी -प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी वेब.जेपीजी

सीएमवायके चित्राला एकदम एसआरजीबी प्रोफाइल चिकटवायला गेलात, तर प्रोफाइल आणि कलरस्पेस जुळत नसल्याची त्रुटी येते. ती त्रुटी आली की पहिली प्रोफाइल राहून गेली असं समजावं.

पण पहिली प्रोफाइल कोणती घ्यायची? उत्तम मार्ग म्हणजे डीटीपी करणाऱ्याला विचारणं. तेही शक्य नसेल तर दोन अंदाज करून पाहा. फोटोशॉपच्या उत्तर अमेरिकी रंग-सेटिंगमध्ये बनलेल्या फाइलला यूएस वेब कोटेड स्वॉप ही प्रोफाइल लागते, युरोपीय सेटिंगमधल्या फाइलला कोटेड फोग्रा 39. दोन्हींनी रूपांतर करून छापील पत्रिकेशेजारी धरा. जी जवळची वाटेल ती घ्या. हातात काहीच नसेल तर घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमसोबत एक सर्वसाधारण सीएमवायके प्रोफाइल येते. तिचा निकाल अगदी अचूक नसला तरी साध्या वजाबाकीपेक्षा कितीतरी बरा असतो.

चित्र चक्क निगेटिव्हसारखं दिसलं, तर कारण वेगळं आहे. फोटोशॉप सीएमवायके जेपीजीत आकडे उलटे साठवतं, काही प्रोग्रॅम सरळ साठवतात. लिहिणारा आणि वाचणारा यांचा मेळ बसला नाही की उलटापालट होते. अशा वेळी पहिल्या ‘-प्रोफाइल’च्या आधी ‘-निगेट’ घाला.

फाइल हलकी करण्यासाठी ‘-स्ट्रिप’ लावण्याची सवय सगळ्यांना असते. हा पर्याय एक्झिफ, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती, हिच्यासोबत आयसीसी प्रोफाइलही काढून टाकतो. मूळ फोटो अॅडोबी आरजीबी किंवा आयफोनच्या डिस्प्ले पी3 या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीत असेल, तर प्रोफाइल गेल्यावर ब्राउझर त्याला एसआरजीबी समजतो आणि हळदी-कुंकवाचे फोटो फिकट पडतात. क्रम ठेवायचा तो असा: आधी ‘-ऑटो-ओरिएंट’, मग ‘-प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी’, शेवटी ‘-स्ट्रिप’. ऑटो-ओरिएंट विसरला तर उभा फोटो आडवा पडतो, कारण तो फिरवायचा आहे ही नोंदही एक्झिफमध्येच होती. प्रोफाइल ठेवून बाकीचं काढायचं असेल तर ‘+प्रोफाइल’ला अवतरणात उद्गारचिन्ह, आयसीसी, स्वल्पविराम आणि तारा असा नमुना द्या. लिनक्सवर एकेरी अवतरण वापरा, नाहीतर बॅश (टर्मिनलमधला कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्या उद्गारचिन्हाचा भलताच अर्थ लावतो.

चित्र अंधारल्यासारखं येत असेल तर स्क्रिप्टमध्ये ‘-कलरस्पेस आरजीबी’ शोधा. आताच्या आवृत्त्यांत ‘आरजीबी’ म्हणजे लिनियर (उजेडाच्या सरळ प्रमाणातले आकडे) आणि नेहमीचा म्हणजे ‘एसआरजीबी’. जुन्या स्क्रिप्ट या नावांचा अर्थ बदलण्याआधीच्या असतात.

पारदर्शक पीएनजीचं जेपीजी केल्यावर पार्श्वभूमी काळी येते. जेपीजीला पारदर्शकता माहीत नाही आणि पारदर्शक भागाखालचे आकडे बहुधा काळे असतात. ‘-बॅकग्राउंड व्हाइट -अल्फा रिमूव्ह -अल्फा ऑफ’ घातलं की काम होतं.

लाल पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरं फाटल्यासारखी दिसत असतील तर रंगाची प्रोफाइल तपासू नका, क्वालिटी पाहा. 90 पेक्षा कमी क्वालिटीला इमेजमॅजिक रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी करतं. त्याने मुखपृष्ठावरच्या फोटोचं काही बिघडत नाही, पण मात्रा, अनुस्वार आणि बारीक वेलांट्या चिखलात रुततात. ‘-सॅम्पलिंग-फॅक्टर 4:4:4’ द्या. फाइल थोडी जड होईल. अक्षरं असलेल्या चित्राला ती किंमत द्यावी.

पीडीएफ धूसर येते, कारण ती ठरावीक 72 डीपीआयने (इंचामागे 72 ठिपके) उघडली जाते. ‘-डेन्सिटी 300’ हा पर्याय फाइलच्या नावाच्या आधी लिहावा लागतो. नंतर लिहिला तर फक्त डीपीआयचा शिक्का बदलतो, पिक्सेल तेवढेच राहतात. ‘सिक्युरिटी पॉलिसी’ची त्रुटी आली तर घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटींमुळे लिनक्सच्या वितरकाने पीडीएफ वाचणं बंद ठेवलेलं असतं. अनोळखी लोकांच्या पीडीएफ घेणाऱ्या सर्व्हरवर ते बंदच राहू द्या. स्वतःच्या यंत्रावर घोस्टस्क्रिप्ट अद्ययावत करून पॉलिसी.एक्सएमएल या इमेजमॅजिकच्या मर्यादा ठरवणाऱ्या फाइलमधली पीडीएफची ओळ बदला.

फ्लेक्सच्या फाइलवर ‘कॅशे रिसोर्सेस एक्झॉस्टेड’ किंवा लांबी-रुंदी मर्यादेबाहेर गेल्याची त्रुटी हमखास येते. हिशेब करून बघा. 10 बाय 6 फुटी बॅनर 150 डीपीआयला 18,000 बाय 10,800 पिक्सेल, म्हणजे 19.44 कोटी पिक्सेल. उबंटूवरच्या इमेजमॅजिक 6 च्या पॉलिसीत रुंदीची मर्यादा 16,000 आणि डिस्कची 1 जीबी अशी आढळते. 16 बिटांच्या आवृत्तीत एका पिक्सेलला 8 बाइट धरले तर हे चित्र दीड जीबीच्या वर जातं. कमांडमध्ये ‘-लिमिट’ देऊन फायदा नाही, कारण तो पॉलिसीची मर्यादा कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. पॉलिसी.एक्सएमएलमधलेच आकडे वाढवावे लागतात. इतक्या जवळून कोणी न पाहणाऱ्या बॅनरला 150 डीपीआय मुळात हवेच कशाला, हा प्रश्नही डिझायनरला विचारून पाहायला हरकत नाही.

उलट दिशेने, म्हणजे एसआरजीबीवरून छपाईकडे जाताना, प्रोफाइलने रूपांतर केलेला काळा मजकूर चारही शायांत विभागला जातो. छापताना प्लेट केसभर सरकली तरी शिरोरेषेला रंगीत कडा येते. म्हणून फोटो तेवढे इमेजमॅजिकने बदला. मजकूर मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये व्हेक्टर आणि फक्त काळ्या शाईतच ठेवा.

एका फाइलवर कमांड जमली की सगळ्या फोल्डरवर चालवण्यासाठी ‘मॅजिक मॉग्रिफाय’ आहे. ती मूळ फाइलवरच लिहिते. आधी ‘वेब’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि कमांडमध्ये ‘-पाथ वेब’ घातल्याशिवाय एंटर दाबू नका.