पर्याय झाका, आधी हरितलवक काढा

दहावीपर्यंत मी गुहागर तालुक्यातल्या गावच्या शाळेत मराठीतून शिकले. अकरावीला चिपळूणला सायन्स घेतलं आणि प्रकाशसंश्लेषणाचा ओळखीचा धडा ‘फोटोसिंथेसिस’ होऊन समोर आला. पहिल्या चाचणीत त्यावर दहा प्रश्न होते. माझे चार बरोबर आले. चुकलेला एक अजून आठवतो: डार्क रिअॅक्शन केव्हा होते? नावात ‘डार्क’ आहे म्हणून मी ‘रात्री’वर खूण केली. ती, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याची क्रिया, दिवसाच चालते. तिला थेट प्रकाश लागत नाही, पण प्रकाशात तयार झालेले एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहणारे रेणू लागतात, आणि अंधार पडला की तो पुरवठा बंद होतो.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. सराव करताना प्रश्न वाचला की चारही पर्याय तळहाताने झाकायचे आणि कच्च्या कागदावर लांबट गोल काढायचा. हे हरितलवक, पानाच्या पेशीतला हिरवा भाग, जिथे प्रकाशसंश्लेषण होतं. आत नाण्यांच्या चळती, म्हणजे ग्राना. भोवतीचा द्रव स्ट्रोमा. मग विचारायचं, हे घडतंय कुठे? पाणी फुटणं, ऑक्सिजन सुटणं, एटीपी बनणं हे चळतीत. कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवणं बाहेर स्ट्रोमात. जागा ठरली की बरेचदा दोन पर्याय आपोआप गळतात. चक्रीय फॉस्फोरिलेशनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरून परत येत एटीपी बनण्याचा, प्रश्न असाच सुटतो. तिथे प्रकाश पकडणाऱ्या दोन यंत्रणांपैकी फक्त पीएस-१ काम करतं, पाणी फुटत नाही, म्हणून ऑक्सिजन नाही आणि एनएडीपीएचही नाही. मिळतं फक्त एटीपी.

सी-३ आणि सी-४ मात्र मला पुस्तकातून उमगलं नाही, शेतात उमगलं. आमचं भात खाली खाचरात आणि नाचणी वर डोंगरउताराच्या वरकस जमिनीत. भात सी-३, नाचणी सी-४. भातात कार्बन डायऑक्साइड थेट रुबिस्को हा एन्झाइम पकडतो आणि पहिला पदार्थ तीन कार्बनचा बनतो. पण ऊन तापलं की हाच रुबिस्को ऑक्सिजनलाही पकडतो आणि झाडाची मेहनत वाया जाते. नाचणीच्या पानात आधी पेप कार्बोक्सिलेज हा दुसरा एन्झाइम कार्बन डायऑक्साइड पकडतो, चार कार्बनचा पदार्थ बनतो, तो शिरेभोवतीच्या पेशींत जातो आणि रुबिस्कोचं काम तिथे आत चालतं. नाचणीचं पान उन्हाकडे धरून बाबांना मी हे समजावलं, तेव्हा ते मलाच पक्कं झालं. पेपरात हमखास सापळा असतो, ‘सी-४ वनस्पतींत कॅल्व्हिन चक्र (रुबिस्कोपासून सुरू होणारं साखर बनवण्याचं चक्र) नसतं’. असतं. फक्त जागा बदलते.

आकड्यांचे प्रश्न सोपे असतात, पण घाईत जातात. एका कार्बन डायऑक्साइडमागे ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच, एका ग्लुकोजमागे सहापट, म्हणजे १८ आणि १२. सी-४ मध्ये ग्लुकोजमागे ३० एटीपी. ‘कशामागे’ विचारलंय त्या शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय मी पुढे जात नसे. ‘यांपैकी कोणते नाही’ मधल्या ‘नाही’ला तर गोलच करायचे.

सीईटीत जीवशास्त्राचे १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. नीटमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १, म्हणून मी दोन पर्याय नक्की कटल्याशिवाय अंदाज मारला नाही.

इंग्रजी शब्दांना घाबरू नका. मी वहीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायची: पर्णरंध्र (पानावरचं बारीक छिद्र), स्टोमाटा. एसटीत तासभर जायचा, त्यात एक पान पाठ व्हायचं.

बारावीच्या सराव पेपरात पुन्हा ‘रात्री’ हा पर्याय आला. प्रश्न अननसाचा होता, पर्णरंध्रं केव्हा उघडतात? आमच्या परसात अननस आहेत. अननस ही कॅम नावाच्या तिसऱ्या प्रकारची वनस्पती. ती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते, आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं मिटून साखर बनवते. मी आधी हरितलवक काढलं, जागा ठरवली, आणि या वेळी ‘रात्री’वरच खूण केली.