हितचिंतक मंडळ काढताय? आधी या चुका टाळा

संस्थेचा हिशेब तुटीत आला की कार्यकारिणीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपण एक हितचिंतक मंडळ काढू या,’ म्हणजे वर्गणी देऊन संस्थेला आधार देणाऱ्या सभासदांचं मंडळ. सगळे माना डोलावतात. आठवड्यात लोगो तयार, पंधरवड्यात उद्घाटन, आणि वर्षभराने विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘लोकांचा प्रतिसादच नाही हो.’ लोक होते. पहिल्या दिवशी त्यांनी पैसेही दिले होते. नंतर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, एवढंच. अशा मंडळांची दप्तरं निस्तरायला मला बोलावतात, आणि दर वेळी कपाटातून त्याच चुका बाहेर पडतात.

ग्रुप काढला म्हणजे मंडळ झालं

हा गैरसमज सगळ्यात लोकप्रिय. कार्यक्रमाला आलेल्यांनी वहीत लिहिलेले नंबर घ्यायचे, न विचारता सगळ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपात कोंबायचं आणि मंडळ सुरू झाल्याचं जाहीर करायचं. दोन दिवस टाळ्या आणि नमस्काराचे हात. मग सुप्रभात, मग वाढदिवस, मग कुणाच्या तरी विम्याच्या योजना, आणि निवडणूक आली की भांडणं. ज्यांना संस्थेबद्दल खरी आस्था असते ते ग्रुप म्यूट करून टाकतात. संस्थेचा कामाचा निरोप येतो तो ‘अभिनंदन’च्या ढिगाखाली गाडला जातो. शिवाय ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वहीत नंबर लिहिणाऱ्या बाईंनी तो संस्थेला दिला होता, शेकडो अनोळखी माणसांना नव्हे.

माझा शिरस्ता असा: संस्थेचे निरोप वेगळे आणि सभासदांच्या गप्पा वेगळ्या. निरोपासाठी ईमेल किंवा व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती सोय. गप्पांचा ग्रुप काढायचाच असेल तर ज्याला हवा त्याने स्वतःहून यावं. ‘ब्रॉडकास्ट पाठवला पण कुणाला मिळालाच नाही’ ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. तेव्हा सभासद समोर बसलेला असतानाच त्याच्याकडून नंबर सेव्ह करून घ्या. नंतर ब्रॉडकास्टनेच विनंती करू म्हणाल, तर ती विनंतीही याच वाटेने जाणार आहे.

यादी म्हणजे कारकुनी, तिचं काय एवढं

या चुकीवर मी कितीही वेळ बोलू शकते.

एक जुनी संस्था, काम अगदी चोख. सभासदांची एक एक्सेल फाईल सचिवांच्या लॅपटॉपवर, दुसरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणि पावतीपुस्तकं कपाटात. एकच माणूस तिन्ही ठिकाणी तीन नावांनी: एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं, तिसरीकडे ‘बँकवाले सर’. शेवटचा रकाना ‘इतर’. त्यात वाटेल ते: ‘मुलगा परदेशी’, ‘फोन उचलत नाहीत’, ‘चेक देणार होते’.

या फायलींवरून वर्गणीची स्मरणपत्रं गेली. त्यातलं एक गेलं वारलेल्या सभासदाच्या नावाने. ‘आपली वर्गणी थकली आहे, आमच्यावरचा लोभ आटला की काय?’ असा खेळकर मजकूर. त्यांच्या पत्नीचा फोन आला. आवाज चढवला नाही. ‘हे मी आधी दोनदा कळवलंय,’ एवढंच म्हणाल्या. चौकशी केली तर खरंच कळवलं होतं. ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं.

पुढचं ऐका. पहिल्याच फोनमध्ये बाईंनी विचारलं होतं, ‘यांच्या जागी आता माझं नाव लावता येईल का?’ कॅलेंडरच्या चौकोनात तेवढं मावलं नव्हतं. न मागता चालून आलेला सभासद, आणि त्याला आपण थकबाकीचं पत्र पाठवलं. नंतर सचिव स्वतः माफी मागायला गेले. बाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि सभासदत्वाला नाही म्हटलं. त्यांच्या जागी मी असते तर चहाही दिला नसता.

सचिवांनी परत येऊन मला विचारलं, ‘या कामाला चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?’

सॉफ्टवेअर जरूर घ्या. ते भिंतीवरची नोंद उचलून स्वतःच्या पोटात घालणार नाही, हे मात्र लक्षात असू द्या. मी सांगते ते साधं आहे आणि म्हणूनच नवख्यांना पटत नाही. यादी एकच. तिच्यात लिहिणारं माणूस एकच, बाकीच्यांनी त्याला सांगायचं. आलेला फोन त्याच दिवशी, तारखेसकट आणि घेणाऱ्याच्या नावासकट नोंदवायचा. नाव त्या माणसाला आवडतं तसंच लिहायचं. कशाने संपर्क केलेला चालेल, ते विचारून एका रकान्यात. संस्थेशी ओळख कुणामुळे झाली, ते दुसऱ्यात. ‘इतर’ नावाचा रकाना ठेवायचाच नाही. आणि पाकिटं टाकण्याआधी यादीची छापील प्रत घेऊन, माणसांना ओळखणाऱ्या दोन जुन्या कार्यकर्त्यांसमोर ती मोठ्याने वाचायची. कंटाळवाणं काम आहे. चुका तिथेच सापडतात.

फक्त मागायच्या वेळी आठवण

सभासदाला वर्षात संस्थेकडून काय काय गेलं ते एका कागदावर लिहून काढा. वर्गणीचं पत्र, देणगीचं आवाहन, मदतनिधीच्या कार्यक्रमाची तिकिटं, पुन्हा आवाहन. एवढंच निघालं तर तुमच्या पत्राचं पाकीट कुणी उघडत नाही याचं नवल वाटून घेऊ नका. माझा हट्ट असतो की दोन मागण्यांच्या मधे निदान दोनदा काहीही न मागता लिहायचं: मागच्या पैशातून काय झालं, काय फसलं. फसलेलं कळवलं की लोक पळतात अशी भीती विश्वस्तांना फार. माझ्या पाहण्यात लोक ते पत्र नीट वाचतात आणि उलट फोन करतात.

छोट्या देणगीदाराला छापील पावती आणि मोठ्याला हार, हाही याच जातीचा प्रकार. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले तेव्हा, १८८५ मध्ये, जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केलं आणि रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापू असा शब्द दिला. काही महिन्यांत लाखावर डॉलर जमले, एक लाखाहून जास्त लोकांकडून. बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी दिलं होतं. आज नाव छापण्याआधी परवानगी घ्या, काहींना ते नको असतं. पण नावानिशी, हाताने लिहिलेल्या दोन ओळी पाठवायला कुणाची हरकत नसते. पहिल्या आठवड्यात पाठवल्या तर उत्तम. दोन महिन्यांनी पाठवलेले आभार म्हणजे पुढच्या मागणीची प्रस्तावना, हे लोकांना बरोबर कळतं.

सभासदाला कामच नाही

पैसे दिले, पावती मिळाली, आता काय? बहुतेक मंडळांत याचं उत्तर ‘वार्षिक सभेला या’. १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी मँचेस्टरजवळ डिड्सबरी इथे पक्षीरक्षणाचं जे मंडळ काढलं, त्यातूनच पुढे आजची आरएसपीबी ही ब्रिटनमधली पक्षीरक्षण संस्था उभी राहिली. तिथल्या सभासदांना नियम मोजके होते. पक्ष्यांच्या विनाकारण हत्येला विरोध करायचा, आणि स्त्री-सभासदांनी खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याची पिसं अंगावर मिरवायची नाहीत, शहामृग तेवढा अपवाद. टोपीवर पिसं खोवणं तेव्हा फॅशन होती. म्हणजे बाहेर पडण्याआधी, आरशासमोरच, प्रत्येकीला मंडळाचं काम होतं. पिसांच्या आयातीला आळा घालणारा ब्रिटिश कायदा यायला १९२१ उजाडलं. तुम्ही तीन महिन्यांत ‘रिझल्ट’ विचारता.

तुमच्या सभासदाला घरी बसून, एकट्याने, याच आठवड्यात करता येईल असं एक काम सांगता येतं का ते बघा. भाषांतर, हिशेब तपासणं, एका नव्या माणसाला संस्था दाखवायला घेऊन येणं, काहीही. मात्र काम देताना सीमारेषाही सांगा. हितचिंतकाने सूचना करावी, निर्णय विश्वस्तांचा. हे आधी लिहून ठेवलं नाही की सगळ्यात उत्साही सभासद सहा महिन्यांत सगळ्यात नाराज होतो.

बाकीच्या, थोडक्यात

सुवर्ण, रौप्य, प्लॅटिनम अशा पायऱ्या: माणसं दहा आणि दर्जे पाच, असं करू नका. एक वर्गणी पुरते.

टी-शर्ट आणि बिल्ले: गोदामात पडून राहतात. आधी सभासद, मग कापड.

प्रसिद्ध पाहुण्याच्या हस्ते उद्घाटन: गर्दी पाहुण्यासाठी येते आणि पाहुण्याबरोबर जाते.

एका कामासाठी मागितलेला पैसा दुसरीकडे वळवणं: देणाऱ्याला विचारल्याशिवाय कधीच नाही. ‘तात्पुरतं’ हा शब्द इथे चालत नाही.

पासवर्ड एकाच माणसाकडे: तो रुसला की मंडळ बंद.

‘आमचे एवढे सभासद’ असं सांगणं: मी पुढचा प्रश्न विचारते, मागच्या वर्षीच्यांपैकी किती उरले? तिथे बैठकीत शांतता पसरते.

दरमहा येणारी वर्गणी अचानक थांबली

लगेच ‘माणूस दुरावला’ असं धरून भावनिक पत्र लिहू नका. खात्यातून आपोआप वर्गणी जाण्याची सोय असेल तर आधी तांत्रिक कारण बघा. कार्डाची मुदत संपलेली असते, कार्ड बदललेलं असतं, नाहीतर त्या दिवशी खात्यात शिल्लक नसते. सभासदाला बरेचदा पत्ताच नसतो. एक फोन करा, तोही वर्गणी अडली त्याच आठवड्यात. कार्डाची मुदत कधी संपते ते कळत असेल तर महिनाभर आधीच आठवण करा. अशा फोनवर मी थांबलेल्या वर्गणीबद्दल दोन वाक्यं बोलते आणि बाकी वेळ ऐकते.

आणि हे सगळं करायला आठवड्यातला अर्धा दिवस देणारं एक ठरलेलं माणूस नसेल, तर मंडळ काढू नका, सरळ देणग्या घ्या. आधीच काढलं असेल आणि झेपत नसेल तर गुपचूप विझू देऊ नका. प्रत्येक सभासदाला लिहा: मंडळ थांबवतोय, शिल्लक एवढी आहे, ती अमुक कामाला वापरली तर चालेल का, नाहीतर या वर्षीची वर्गणी परत करतो. उत्तरासाठी तारीख द्या, आणि परत मागणाऱ्याला कारण विचारू नका.